दोन बोटांची जागा

"काका, किती खेटताय? मागे सरा की जरा!"

पुढचा माणूस मान अर्धीच वळवून एवढं बोलला आणि पोस्टातल्या त्या रांगेत मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खेटतोय? मी? माझ्या घरी, दुकानात, आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, उभ्या आयुष्यात मी कुणाला खेटलो असेन तर शपथ. रांगेत पुढच्याच्या आणि आपल्या मध्ये हातभर जागा मोकळी सोडायची, ही माझी इतकी जुनी सवय की बायकोने लग्नाच्या पहिल्याच वर्षी माझं नाव 'हातभर' ठेवलं. 'आमचे हातभर कुठे दिसले का?' असं ती शेजारणीला विचारायची आणि दोघी फिदीफिदी हसायच्या. बाकावर बसायचं तर मध्ये एक जागा सोडायची, तिथे आपली पिशवी ठेवायची. शेजारच्याच्या वर्तमानपत्रात डोळा घालायचा नाही. कुणी फोनवर बोलत असेल तर आपण चार पावलं पुढे व्हायचं, कुणी रडत असेल तर आपण आपली नजर दुसरीकडे न्यायची. जगात गर्दी फार, माणसाला स्वतःची म्हणून वीतभर जागा मिळते, ती तरी आपण खाऊ नये, असं मला मनापासून वाटायचं. आणि आज माझाच श्वास एका परक्या माणसाच्या मानेवर गेला असणार, त्याशिवाय का तो असा वसकन अंगावर आला? मी 'चुकलं' म्हणालो आणि एक पाऊल मागे झालो. मग आणखी एक. उजव्या हाताचं बोट मात्र अजून पुढेच होतं, हवेत. ते मी खिशात घातलं.

बोट पुढे गेलं ते त्याच्या शर्टामुळे. फिका निळा कपडा, त्यावर बारीक पांढऱ्या चौकटी. असले शर्ट पैशाला पासरी. पण चौकटीचा कपडा शिवणारा किती पाण्यात आहे ते बगलेखाली कळतं. खिशावर चौकटी कुणीही जुळवतो, तिथे गिऱ्हाइकाची नजर जाते. बगलेखाली, जिथे पाठ आणि पोट एकमेकांना येऊन मिळतात, तिथे रेघेला रेघ लावायची तर कापड जास्त जातं आणि जीवही जास्त जातो. मी तिथेही जुळवतो. या शर्टाच्या खांद्यावर, कॉलरखाली रेघ केसभर हललेली नव्हती, पण बगलेपासून खाली दोन्ही बाजूंना रेघा एकमेकींना चुकवून चालल्या होत्या. म्हणजे शिवणाऱ्याने जीव ओतून शिवला होता आणि नंतर तो बाजूंनी आत घेतला गेला होता. एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्या वेळची टीप करड्या दोऱ्याची होती. त्या दिवशी निळं रीळ संपलं होतं. मी म्हटलं होतं, करड्याने मारतो, हात खाली असला की दिसत नाही. तो म्हणाला होता, "चालेल बाबा, कोण बघतंय."

तो म्हणजे माझा मुलगा. एकतीस वर्षांचा होता. मागच्या वर्षी गेला. त्याचे सगळे कपडे मी माझ्या हाताने घड्या घालून कपाटात ठेवले, तेव्हा हा एकच शर्ट सापडला नव्हता. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "माणूस गेला आणि तुम्ही शर्ट मोजताय?" आणि आता तोच शर्ट माझ्यापुढे, एका रुंद पाठीच्या अनोळखी माणसाच्या अंगात होता, आवळलेला, त्याने श्वास घेतला की शिवणीवर ताणला जाणारा. करडा दोरा खरंच आहे की माझ्या डोळ्यांचा खेळ आहे, एवढंच मला बघायचं होतं. मी वाकलो कधी, बोट लावलं कधी, माझं मलाच कळलं नाही.

शिंप्याला लोकांच्या अंगाला हात लावायची मुभा असते. डॉक्टर, न्हावी आणि आम्ही. म्हणूनच आम्ही जास्त जपायचं असतं. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते मास्तर शब्दाला महाग होते, पण माप घ्यायला शिकवताना त्यांनी मला आठवडाभर नुसतं उभं कसं राहायचं ते शिकवलं. गिऱ्हाइकाच्या समोर नाही, बाजूला उभं राहायचं. तोंडात लवंग ठेवायची. टेप छातीभोवती आली की तिच्या आत आपली दोन बोटं घालायची आणि मगच आकडा वाचायचा. ती दोन बोटांची जागा त्या माणसाला श्वास घ्यायला. आणि शेवटचं म्हणजे, आकडा वहीत लिहायचा, बाकी सगळं गिळायचं. बाकी सगळं म्हणजे काय ते मला पुढे कळत गेलं. कुणाचा एक खांदा उतरलेला असतो. कुणी पोट आत ओढून धरतो आणि आपल्याला ते कळलं नाही असं समजतो. एका पोक्त गृहस्थांच्या बरगडीवर जळल्याचा डाग होता, टेप तिथे गेली की ते डोळे मिटायचे. वीस वर्षं मी त्यांचे शर्ट शिवले, एकदाही विचारलं नाही. ते गेले तेव्हा त्यांच्या मुलाने येऊन सांगितलं, बाबा म्हणायचे शिंपी असावा तर असा. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला त्या वाक्याचा इतका अभिमान वाटला होता की घरी जाऊन मी ते बायकोला दोनदा ऐकवलं.

रांग एक पाऊल सरकली. शर्ट पुढे गेला. मीही गेलो, पण अंतर राखून, आता हातभर कसलं, चांगलं दोन हात. खिडकीपर्यंत त्याच्यापुढे अजून चौघं होते. चार माणसं एवढाच वेळ माझ्याकडे होता. त्याचं काम झालं की तो दारातून बाहेर जाणार, आणि तो शर्ट कुठून आला हे मला मरेपर्यंत कळणार नाही. विचार की, मी स्वतःला म्हटलं. तोंड आहे ना? पण ज्या माणसाने आत्ताच 'मागे सरा' म्हणून झिडकारलं, त्याला पाठीमागून हाक मारून विचारायचं, की बाबा रे, तुझ्या अंगातला शर्ट तुझ्याकडे आला कसा? चोर म्हटल्यासारखंच की ते. माझी जीभ टाळ्याला चिकटली. या जिभेला तशी चिकटायची सवय झालेलीच आहे.

मुलगा तो शर्ट घेऊन पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा दुपार होती आणि गिऱ्हाईक नव्हतं. घरी रोज माझ्यासमोर जेवायला बसणारा मुलगा, शर्ट ढगळ होतोय हे सांगायला दुकानात आला. माझ्या वहीत त्याची छाती चाळीस होती, ती अडतीस भरली. मी वहीत अडतीस लिहिलं. बाजूंनी आत घेतला, चौकटी चुकल्या त्याचं मला वाईट वाटलं. हो, चौकटींचं! तीन महिन्यांनी तो पुन्हा आला. तोच शर्ट, तीच वेळ. टेप भोवती गेली, मी दोन बोटं आत घातली, आणि माझ्या बोटांना त्याच्या बरगड्या लागल्या. साडेपस्तीस. त्याच्या छातीत काहीतरी इतकं जोरात उडत होतं की टेप हलत होती. माप झालं होतं, आकडा मी वाचला होता, तरी तो हात वर धरूनच उभा राहिला, आरशात माझ्याकडे बघत. किती वेळ, कुणास ठाऊक. मी म्हटलं, "झालं. हात खाली घे." त्याने हात खाली घेतले. घरी त्याची आई त्याला सकाळ-संध्याकाळ विचारायची, वाळलास का रे, खात का नाहीस, काय होतंय तुला. त्या प्रश्नांच्या माऱ्यातून तो हसून निसटायचा, "आई, हल्ली चालतो मी रोज." मला वाटायचं, एक माणूस विचारून त्याचा जीव खातंय तेवढं पुरे, आपण तरी त्याला मोकळं सोडू. तो माझ्याकडे माप द्यायला आला नव्हता, हे आज मला लख्ख कळतं. टेपकडून मला कळावं आणि मी विचारावं म्हणून आला होता. पोरगंही माझंच, ताकाला येऊन भांडं लपवणारं.

आणि मग ती बाग. ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही. एक बटणांचा नमुना आणायला मी भर दुपारी बाजाराकडे निघालो होतो. बागेच्या फाटकाशी आलो आणि आत बाकावर तो दिसला. ऑफिसच्या वेळेला, ऑफिसच्या कपड्यांत, बाजूला ऑफिसची बॅग, मान खाली. सकाळी आईने दिलेला डबा घेऊन, 'येतो' म्हणून घरातून निघालेला माझा मुलगा. नोकरी दोन महिन्यांपूर्वीच सुटली होती आणि औषधं आधीच सुरू होती, हे आम्हाला नंतर कळलं. मी फाटकाचा गज धरून उभा राहिलो. वाटलं, आत जावं. मग वाटलं, त्याने हे घरी सांगितलं नाही म्हणजे त्याला सांगायचं नाही. उघड्यावर बसलाय, पण बसलाय तो एकटं राहायला. आपण जाऊन उभे राहिलो तर बिचाऱ्याला तोंड कुठे लपवू असं होईल. तेवढ्यात त्याने बाकावरची बॅग उचलली आणि मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी पोटाशी धरली. बघा, मी मनाशी म्हटलं, कसा अंग चोरून बसलाय, त्याला कुणी नकोय. मान त्याने वर केली नाही. म्हणजे मला बघितलं नाही. मी गज सोडला आणि आलो तसा परत फिरलो. बटणंही आणली नाहीत.

पुढे सगळं भराभर झालं. निदान आमच्यापर्यंत पोचलं, मग खाट, नळ्या. चार महिने. त्या चार महिन्यांत मी त्याच्या उशाशी स्टूल टाकून बसायचो, आणि तिथेही खाटेपासून हातभर लांबच. तो गेल्यावर तेराव्या की चौदाव्या दिवशी बायकोने विचारलं, "तुमच्या टेपला कळलं होतं ना हो? मग तुम्हाला कसं नाही कळलं?" ती भांडत नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "कळलं होतं." त्या दिवसापासून तिने मला हातभर म्हणणं सोडलं. आता ती मला कुठल्याच नावाने हाक मारत नाही. आणि माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच भुंगा आहे, त्याने मला फाटकाशी बघितलं होतं का? नसेल बघितलं तर माझ्या मूर्खपणाला निदान साक्षीदार नाही. बघितलं असेल तर बाप आपल्याला बघून परत गेला हे मनात घेऊन माझा मुलगा मेला.

"तुम्ही रांगेत आहात का?" कुणीतरी अगदी हळू, अदबीने विचारलं. हातात लग्नपत्रिकांच्या आकाराच्या पाकिटांचा गठ्ठा घेतलेली एक तरुण मुलगी होती. विचारलं खरं, पण विचारता विचारता ती माझ्या आणि शर्टाच्या मधल्या जागेत उभीही राहिली होती. करडा दोरा तिच्या खांद्याआड गेला. आणि माझ्यातून, कुठून कोण जाणे, एवढा मोठा आवाज आला की खिडकीमागच्या माणसानेही वर बघितलं. "आहे! मी रांगेतच आहे!" ती बिचारी दचकली. "सॉरी हं काका, मध्ये एवढी जागा दिसली, वाटलं तुम्ही नाही आहात." ती मागे गेली. शर्टवाला वळून माझ्याकडे बघत होता. आता नाही तर कधीच नाही. मी म्हटलं, "हा शर्ट मी शिवलाय."

तो आधी शर्टाकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. चाळिशीचा, उन्हाने रापलेला चेहरा. "तुम्ही शिंपी?"

"हो."

"म्हणजे दादांचे बाबा तुम्ही?" आणि जो माणूस मला मागे सर म्हणाला होता तोच एक पाऊल जवळ आला. "अहो, मी बागेत रखवालीला असतो. मघाशी तोडून बोललो, मनावर घेऊ नका. पाकीट मारतात ना हल्ली रांगेत. हा शर्ट दादांनी दिलेला. नळ दुरुस्त करताना माझा टरकन फाटला, तर दुसऱ्या दिवशी घरून हा घेऊन आले. मी म्हटलं, दादा, मला नाही बसायचा. तर म्हणाले, बाबा शिवणीत भरपूर माया ठेवतात, आतलं जास्तीचं कापड कापत नाहीत, त्यांच्याकडे घेऊन जा, सोडून देतील. दुकानाचा पत्ताही सांगितला होता. माझं आपलं आज जाऊ, उद्या जाऊ. आज बाकीचे दोन्ही धुण्यात, म्हणून हा कोंबलाय अंगात."

"त्याला का नको होता?"

"पुन्हा ढगळ झाला म्हणाले. मी म्हटलं, मग तुम्हीच न्या की आत घ्यायला. तर म्हणाले, तिसऱ्यांदा नाही नेववत." त्याने आवळलेली बाही खाली ओढली. "आणि मला म्हणाले, तुम्ही बिनधास्त जा. बाबा काही विचारत नाहीत."

रांग सरकली. आम्ही दोघंही सरकलो, एकदमच. "कसे आहेत आता?" त्याने विचारलं. "यायचे बंद झाले, तेव्हा म्हटलं, चला, बरे झाले, लागले कामाला."

"गेला," मी म्हटलं. "मागच्या वर्षी."

त्याने माझा दंड धरला, कोपराच्या वर, चांगला घट्ट, आणि सोडला नाही. माझ्या दंडाला असं कुणी धरून किती वर्षं झाली होती. मी हात काढून घेतला नाही. "मीही कधी काही विचारलं नाही त्यांना," तो म्हणाला. "आपण कोण विचारणार? डबा खायच्या वेळेला शेजारी जाऊन बसायचो, एवढंच. दोघं खायचो. बोलायचे कधी, कधी नाही."

शेजारी जाऊन बसायचं. विचारायचं नाही आणि परतही जायचं नाही. हे इतकं साधं काहीतरी असतं, हे मला त्रेसष्ट वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. पण भुंगा काही केल्या थांबेना. मी विचारलं, "माझ्याबद्दल कधी काही बोलला? मी एकदा फाटकाशी..."

"आला होतात ना! ते तुम्हीच? मी झाडांना पाणी घालत होतो तिथेच. दादा खालच्या मानेनेच मला म्हणाले, वळून बघू नका, फाटकाशी बाबा उभे आहेत. आपण बघितलं तर ते ओशाळतील." तो किंचित हसला. "मी म्हटलं, येतील का आत? तर म्हणाले, माहीत नाही. आणि बाकावरची बॅग उचलून मांडीवर घेतली."

"बॅग का?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की हे काय विचारणं झालं. "तुम्हाला बसायला जागा नको का?"

खिडकीतून त्याला हाक आली. तो म्हणाला, "तुम्ही बसा तिकडे, मी एवढं रजिस्टर करून आलोच," आणि मला भिंतीकडच्या बाकाची दिशा दाखवून पुढे झाला. मी रांग सोडली. माझ्या हातातलं पार्सल, परगावच्या गिऱ्हाइकाचे दोन शर्ट, तसंच राहिलं. बाक रिकामा होता. मी एका टोकाला बसलो आणि हाताला सवय म्हणून पार्सल शेजारच्या जागेवर ठेवलं. मग ते माझ्याकडे बघत असल्यासारखं वाटायला लागलं. मी ते उचललं आणि मांडीवर घेतलं, आणि पडू नये म्हणून दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. अशी बॅग धरून तो बसला होता. मान खाली घालून, बाप ओशाळू नये म्हणून वर न बघता, फाटकापासून बाकापर्यंतची माझी पावलं ऐकायला कान लावून. किती वेळ बसला असेल? मी वळलो ते त्याला कळलं असेल लगेच, की संध्याकाळपर्यंत ती जागा त्याने तशीच ठेवली असेल? माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि भरल्या पोस्टात मी ते पुसलंही नाही. येणारे-जाणारे सभ्य लोक माझ्यावरून नजर काढून दुसरीकडे नेत होते. मीही तेच केलं असतं.

मघाची पाकिटवाली मुलगी माझ्यासमोर येऊन थांबली. तिला तिकिटं चिकटवायला बसायचं असावं. तिने माझा चेहरा बघितला, लगेच नजर खाली वळवली आणि माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बोट करून, अगदी हळू, मला त्रास होणार नाही अशा बेताने विचारलं, "इथे कुणी येणार आहे का?"

'नाही' म्हणायचं होतं, रखवालदार काय, उभ्यानेही बोलला असता. एवढासा शब्द. तो माझ्या तोंडातून निघेना. मी तिच्याकडे बघत राहिलो, पार्सल घट्ट धरून. मग येणारं असेल कुणीतरी, असं तिला वाटलं असावं. ती 'बरं' म्हणाली आणि लांब जाऊन उभी राहिली.